परतीच्या पावसाचा आठवडा

भाद्रपद सरत आला की मराठवाड्यातील सोयाबीनच्या शेतांचा रंग पालटू लागतो. पाने पिवळी पडून गळतात, शेंगा तांबूस होतात आणि जून-जुलैत पेरलेले पीक तीन-साडेतीन महिन्यांनी कापणीस येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने वर्षातले हे दिवस सर्वांत नाजूक. पीक फार दिवस उभे ठेवावे, तर शेंगा उन्हाने तडकून दाणे जमिनीवर सांडतात. कापून शेतात पसरावे आणि वरून पाऊस यावा, तर शेंगेतल्या शेंगेत दाण्यांना कोंब फुटतात. मजूर, मळणीयंत्र आणि ताडपत्री या तीन गोष्टी गावात सर्वांना एकाच वेळी हव्या असतात. त्यामुळे ‘पाहू पुढे’ असे म्हणून चालत नाही. अशा वेळी संध्याकाळच्या बातम्यांच्या शेवटी हवामानाचा अंदाज लागतो. येत्या चार-पाच दिवसांत मराठवाड्यात काही ठिकाणी हलका ते मध्यम, तर तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह मुसळधार पाऊस पडण्याची शक्यता आहे, अशा धाटणीचे ते वाक्य असते. ओसरीवर बसलेला माणूस त्यातला ‘तुरळक’ हा शब्द ऐकतो, सुटकेचा निःश्वास टाकतो आणि दुसऱ्या दिवशीच्या कापणीला माणसे सांगून येतो.

येथेच घोटाळा होतो. नित्याच्या बोलण्यात ‘तुरळक पाऊस’ म्हणजे थोडाथोडका, विरळ, अंग जेमतेम भिजेल न भिजेल असा पाऊस. हवामान खात्याच्या निवेदनात मात्र हे विशेषण पावसाचे नव्हे; ते ठिकाणांचे आहे. इंग्रजी निवेदनात जेथे ‘आयसोलेटेड’ हा शब्द असतो, तेथे मराठीत ‘तुरळक ठिकाणी’ असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. एखाद्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर तो तुरळक ठिकाणचा. २६ ते ५० टक्के केंद्रांवर अपेक्षित असेल, तर काही ठिकाणी. ५१ ते ७५ टक्क्यांपर्यंत अनेक ठिकाणी. आणि त्याहून अधिक असेल, तर बहुतेक ठिकाणी. पाऊस किती जोराचा पडेल, याचा या शब्दांशी काडीचाही संबंध नाही. जोर सांगणारे शब्द निराळे असून त्यांना निराळे माप आहे. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ, या चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ११५.५ मिलिमीटरपर्यंत पाऊस झाला, तर तो मुसळधार, त्यापुढे २०४.४ मिलिमीटरपर्यंत अतिमुसळधार. आणि त्याच्याही वरचा अत्यंत मुसळधार.

आता ते वाक्य पुन्हा ऐकावे. मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस, याचा अर्थ चार गावांपैकी फार तर एका गावावर तो पडेल. पण ज्या गावावर पडेल, तेथे एका दिवसात पासष्ट मिलिमीटर वा त्याहून अधिक पाणी उतरेल. पासष्ट मिलिमीटर हा आकडा कानाला लहान वाटतो. एक एकर शेतावर तेवढा पाऊस पडला, तर त्या एकरात सुमारे दोन लाख साठ हजार लिटर पाणी पडले, असा त्याचा हिशोब आहे. कापून पसरलेल्या सोयाबीनची त्यानंतर काय अवस्था होते, हे सांगावयास नको. वाक्यातला पहिला भाग हलक्या ते मध्यम पावसाचा असतो आणि तो त्याहून अधिक जणांच्या वाट्यास येतो. पण सावध राहावयाचे ते वाक्याच्या दुसऱ्या भागाकडे पाहून. सरकारी भाषांतरात अचूक ठरलेला शब्द ऐकणाऱ्याच्या कानात नेमका उलट अर्थाने उतरावा, असे प्रकार सरकारी भाषेत पुष्कळ घडतात. बहुतेक निरुपद्रवी असतात. हा नाही.

निवेदनात हा शब्द सप्टेंबरच्या अखेरीस इतक्या वेळा का येतो, याला निसर्गातच कारण आहे. जुलै महिन्यात मोसमी वारे सबंध द्वीपकल्पावरून एका दिशेने, सातत्याने वाहत असतात. तेव्हाचे ढग थराथरांनी पसरलेले असतात आणि पाऊस दिवसचे दिवस, शेकडो मैलांच्या टापूवर पडतो. २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे जातो. राजस्थानच्या बाजूला उन्हाळ्यात निर्माण झालेला, मोसमी वाऱ्यांना ओढून घेणारा कमी दाबाचा पट्टा विरू लागतो. त्याच्या जागी वरून खाली उतरणाऱ्या कोरड्या हवेचे वर्चस्व होते. १ सप्टेंबरनंतर वायव्य भारतात सलग पाच दिवस पाऊस पडला नाही, खालच्या थरांत जास्त दाबाचे वारे स्थिरावले आणि हवेतील बाष्प लक्षणीय प्रमाणात घटले, या तिन्ही गोष्टी जुळून आल्या म्हणजे हवामान खाते मोसमी वारे परतू लागल्याचे जाहीर करते. पश्चिम राजस्थानातून ही माघार सुरू होण्याची सरासरी तारीख १७ सप्टेंबर आहे. पूर्वी ती १ सप्टेंबर धरीत असत, २०२० साली नव्या नोंदींच्या आधारे ती पुढे नेण्यात आली. १५ ऑक्टोबरच्या सुमारास वारे देशातून पूर्णपणे परततात. सरासरी ती सरासरीच. २०१९ साली माघारीला प्रारंभच ९ ऑक्टोबरला झाला, तर २०२५ साली तो १४ सप्टेंबरलाच झाला.

ही माघार आगमनासारखी वाजतगाजत होत नाही. उत्तरेकडून कोरडी हवा उतरत येते आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे दमट हवा अजून ठाण मांडून असते. दोन्हींच्या सीमेवरील प्रदेशात सकाळी आकाश निरभ्र असते, ऊन कडक पडते, चार महिन्यांच्या पावसाने भिजलेली जमीन तापते आणि बाष्प वर चढू लागते. दुपारनंतर कापसाच्या गंजीसारखे पांढरे ढग उंचच उंच वाढत जातात. संध्याकाळी वीज कडाडते, वारा सुटतो, तासा-दीड तासात धो धो पाऊस पडतो आणि रात्री पुन्हा चांदणे. असा एकेकटा ढग काही किलोमीटर रुंदीचा असतो. नदीच्या अलीकडचे शेत तुडुंब भरते आणि पलीकडच्या काठावर धूळही बसत नाही, हा अनुभव त्याच ढगाचा. जुन्या पिढीला तो हस्त नक्षत्राच्या पावसाच्या रूपाने ठाऊक आहे. सूर्य २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्तात जातो. पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याच्याभोवती मुलींनी फेर धरावयाचा हादगा याच दिवसांतला. गडगडत येणाऱ्या या पावसाला हत्तीची उपमा ज्यांनी दिली, त्यांचे निरीक्षण पक्के होते. फरक एवढाच, की नक्षत्राचे वाहन कोणते ते पंचांग सबंध मुलखाला एकच सांगते, आणि हा हत्ती तर एका गावात शिरतो व दुसऱ्या गावाला वळसा घालून जातो.

आठवड्याच्या अंदाजाची शक्ती आणि मर्यादा, दोन्ही या ढगाच्या आकारात दडलेल्या आहेत. दररोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास देशातील अनेक ठिकाणांहून हवेचा दाब, तापमान व आर्द्रता मोजणारी उपकरणे फुग्यांना बांधून आकाशात सोडली जातात. जमिनीवरील वेधशाळा, समुद्रातील जहाजे व तरंगते बोये, विमाने, रडार आणि इन्सॅट मालिकेतील उपग्रह यांची माहिती त्यात मिळवली जाते. मग पृथ्वीभोवतीच्या वातावरणाचे लहान लहान चौकोनांत विभाजन करून, प्रत्येक चौकोनातील हवा पुढच्या काही मिनिटांत कोठे जाईल, याचे गणित महासंगणकावर मांडले जाते; तेच गणित पुनःपुन्हा करीत आठ-दहा दिवसांपर्यंत पुढे नेतात. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ या पद्धतीत हे चौकोन सहा किलोमीटर बाजूचे आहेत. त्यापूर्वी ते बारा किलोमीटरचे होते. सुधारणा मोठी आहे. तरीही तीन-चार किलोमीटरचा ढग त्या जाळीच्या एका घरातच मावतो, आणि त्याचे चित्र गणितात अंदाजपंचेच उमटते. शिवाय आरंभीच्या मोजणीतील क्षुल्लक चूक दिवसागणिक वाढत जाऊन शेवटी सबंध निकालच बदलू शकते, हे एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले. म्हणूनच एकच गणित आरंभीच्या आकड्यांत किंचित फेरफार करून अनेक वेळा सोडवितात. बहुतेक उत्तरे एकाच दिशेने गेली तर अंदाज ठामपणे सांगता येतो; उत्तरे पांगली, तर निवेदनात ‘शक्यता’ हा शब्द येतो. तो अंग चोरण्यासाठी घातलेला शब्द आहे, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः तो मोजून घातलेला असतो.

दोन वर्षांच्या अंतराने याच आठवड्यात घडलेल्या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. २०२१ साली सप्टेंबरच्या अखेरीस बंगालच्या उपसागरात ‘गुलाब’ नावाचे चक्रीवादळ तयार झाले. २६ सप्टेंबरला संध्याकाळी ते आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर चढले, आणि वादळाचा जोर ओसरला तरी त्याचा कमी दाबाचा गाभा पश्चिमेकडे सरकत राहिला. २७ व २८ तारखांना तो तेलंगणावरून मराठवाड्यावर आला. मांजरेला पूर आला, काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले. तोच गाभा पुढे गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला, तेथे पुन्हा बळावून ‘शाहीन’ या नावाचे वादळ झाला आणि ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर आदळला. शेकडो किलोमीटर व्यासाची ही घडामोड होती. अशी मोठी प्रणाली जाळीच्या शेकडो घरांना व्यापते. तिचा मार्ग काही दिवस आधीच नकाशावर दिसू लागतो आणि मराठवाड्याला आधी इशारा देता येतो.

याउलट २०१९ सालची २५ सप्टेंबरची रात्र. पुण्याच्या दक्षिण भागावर आणि कात्रजच्या डोंगरावर काही तासांत इतका पाऊस कोसळला, की एरवी नाल्यासारखा वाहणारा आंबील ओढा सोसायट्यांच्या भिंती फोडून घरांत शिरला. भर शहरात अनेकांचे प्राण गेले. त्या आठवड्यात मेघगर्जनेसह पाऊस होईल, एवढे आधी सांगता येण्याजोगे होते. कोणत्या डोंगरावर, किती वाजता, हे मात्र चार दिवस आधी सांगणे शक्य नव्हते. तसल्या ढगाचा माग रडारवर लागतो, पण हाती उरतात ते तास-दोन तास. तेवढ्या वेळात इशारा ओढ्याकाठच्या घरापर्यंत पोहोचावा लागतो, आणि घरातल्याने तो मानावाही लागतो.

तेव्हा आठवड्याचा अंदाज सगळा एकाच वजनाने ऐकावयाचा नसतो. पहिल्या दोन दिवसांचे चित्र बऱ्यापैकी रेखीव असते. तिसऱ्या दिवसापासून पाचव्यापर्यंत बाह्यरेषा तेवढी खरी धरावी. सहावा आणि सातवा दिवस केवळ कल दाखवितात. उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र असेल, तर मात्र शेवटचे दिवसही गंभीरपणे घ्यावयाचे, कारण तेव्हा बोलत असते ती मोठी प्रणाली. इशाऱ्यांच्या रंगांचेही तसेच. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. तांबडा म्हणजे कृती करा. पिवळ्या रंगाला कोणी विशेष मानीत नाही, कारण या दिवसांत तो रोजच दिसतो. पण पिवळ्याच्या खाली ‘तुरळक ठिकाणी’ असेल आणि शेतात कापलेले पीक असेल, तर त्या शेतापुरता तो रंग वेगळा होतो.

शेतकऱ्यांसाठी निराळे हवामानवृत्त द्यावे, ही कल्पना जुनी आहे. १८६४ साली कलकत्त्याला वादळाने मोठा तडाखा दिला, त्यानंतर बंदरांना इशारे देण्याची व्यवस्था झाली आणि १८७५ साली अखिल भारतीय हवामान खाते स्थापन झाले. आरंभी या खात्याचे लक्ष समुद्राकडे व जहाजांकडे अधिक होते. कृषी हवामानशास्त्राचा विभाग १९३२ साली पुण्यात सुरू झाला, आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठीचे हवामानवृत्त आकाशवाणीवरून प्रादेशिक भाषांत प्रसारित होऊ लागले. आता मंगळवारी आणि शुक्रवारी, पुढील पाच दिवसांच्या जिल्हावार अंदाजावर आधारलेले पीकसल्ले कृषी विद्यापीठांतील केंद्रांकडून निघतात. त्यांत ‘कापणी केलेल्या पिकाची गंजी घालून ती ताडपत्रीने झाकावी’ असे साधे वाक्य असते. ‘तुरळक’ शब्दाचा खरा अर्थ त्या वाक्यात उतरलेला असतो. हवामानवृत्तापेक्षा ते ऐकणाऱ्याच्या अधिक उपयोगी पडते.

पाऊस मात्र सर्वांनाच नकोसा असतो असे नव्हे. ज्या संध्याकाळच्या सरीने लातूरकडच्या सोयाबीनचे नुकसान होते, तिचीच वाट मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी पेरणारा शेतकरी पाहत असतो. त्याच्या पिकाला पुढे बहुधा पाऊस मिळावयाचा नसतो, जमिनीत मुरलेल्या ओलीवरच कणसे भरावयाची असतात. नाशिकला द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी झालेली असली, तर कोवळ्या फुटीवर केवड्याचा रोग येईल या धास्तीने बागाईतदार रात्रभर आकाशाकडे पाहतो. विदर्भात कपाशीची बोंडे फुटू लागलेली असतात, कोकणात हळवे भात लवंडण्याच्या बेतात असते. धरणांवरील अभियंत्याची अडचण आणखी वेगळी. जलाशय भरलेला, वर्षाचे पाणी साठविण्याची ही अखेरची संधी. दारे उघडावीत तर पाणी गेले, न उघडावीत तर वरच्या अंगाला एखादा मोठा पाऊस पुरेसा. त्याला मराठवाड्याच्या सरासरीशी कर्तव्य नसते. आपल्या पाणलोटावर काय पडेल, एवढेच त्याला पाहिजे असते.

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी माणसालाही हा आठवडा निरनिराळे तोंड दाखवितो. दिल्लीला वारे परतलेले किंवा परतीच्या वाटेवर असतात. पहाटेच्या हवेत पहिला गारवा जाणवतो. इंदूरकडील माळव्याच्या पठारावर सोयाबीनचीच कापणी चालू असल्याने तेथील चिंता लातूरच्या चिंतेहून वेगळी नसते. बडोद्यात नवरात्राच्या मैदानावर चिखल होईल काय, हा प्रश्न असतो. हैदराबादला उपसागराकडे पाठ फिरवून चालत नाही : १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाड्याजवळ जमिनीवर आलेल्या कमी दाबाच्या प्रणालीने त्या शहरात मोठा पूर आणला, आणि दुसऱ्याच दिवशी ती सोलापूर-पंढरपूर भिजवीत पश्चिमेकडे गेली. कोलकात्याला दुर्गापूजेचे मांडव उभे असताना वारे अजून परतलेले नसतात. २०२५ साली २२ सप्टेंबरच्या रात्री व दुसऱ्या दिवशी पहाटे तेथे अवघ्या काही तासांत अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. आणि भोसल्यांच्या काळापासून तंजावरात राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने तर खरा पाऊस अजून यावयाचाच असतो. महाराष्ट्रातून निघून गेलेले वारे दिशा बदलून ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ईशान्येकडून तमिळनाडूवर येतात. त्या राज्याचा वर्षाचा जवळजवळ निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांतच पडतो. ‘पावसाळा संपला’ हे शब्द तंजावरच्या शेतकऱ्याला विचित्रच वाटत असावेत.

मोसमी वारे परतल्याची घोषणा ही पाऊस संपल्याची घोषणा नव्हे, हेही याच ओघात सांगितले पाहिजे. ती वाऱ्यांच्या एका व्यवस्थेबद्दलची घोषणा असते. २०१९ साली १६ ऑक्टोबरला वारे संपूर्ण देशातून परतल्याचे जाहीर झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि त्याच्या पाठोपाठ ‘महा’ ही वादळे उठली, आणि महिन्याच्या अखेरच्या पावसाने महाराष्ट्रात शेतात कापून ठेवलेल्या पिकांची नासाडी झाली. तेव्हापासून ऑक्टोबरात निरभ्र सकाळ पाहूनही कित्येक गावांतून सोयाबीनच्या गंजीशेजारची ताडपत्री घडी घालून घरात नेली जात नाही. मळणी होऊन पोती कोठारात जाईपर्यंत ती तेथेच, चार दगडांखाली, दाबून ठेवलेली असते.